दत्ताची चार आणि आमचं एक

माणसानं स्वतःबद्दल काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. आपण दिसतो तेवढे जाडे नाही, आपल्याला गाता आलं असतं पण वेळच मिळाला नाही, आणि आपण स्वभावानं दयाळू आहोत. पहिल्या दोन गोष्टींचा निकाल आमच्या घरात केव्हाच लागला. तिसरी मात्र परवापरवापर्यंत शाबूत होती. मी बी. कॉम. झालेला, बँकेतला कारकून. वीस वर्षांत एकाही खातेदारावर हात उगारलेला नाही. पेन्शनच्या दिवशीचा काउंटर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यात केवढी अहिंसा भरलेली आहे ते सांगायला नको.

शिवाय माझ्या दयाळूपणाचा जिवंत पुरावा आमच्या अंगणात, शेवग्याच्या झाडाला बांधलेला असे. त्याचं नाव टायगर. जात गावठी, रंग फोडणीच्या वरणाचा, आणि पट्टे म्हणाल तर गळ्यातला एकच. आमची रामवाडी पेणजवळची, मुंबई-गोवा महामार्गाच्या काठची. चार वर्षांपूर्वी ऐन पावसात एस. टी.च्या आवाराबाहेर कुडकुडत बसलेलं हे पिल्लू मी रेनकोटात घालून घरी आणलं. नाहीतर एखाद्या ट्रकखाली गेलंच असतं. हा प्रसंग मी आजवर निदान दोनशे माणसांना सांगितला आहे. त्यातल्या पन्नासांना दोनदा.

पहिले सहा महिने टायगर घरभर हुंदडला. त्यानं माझी एक चप्पल खाल्ली, ते आम्ही कौतुकानं पाहिलं. दुसऱ्या पायाची खाल्ली, तेही चाललं, नाहीतरी एकीचा उपयोग काय? पण एके दिवशी हिनं उन्हात घातलेल्या पोह्यांच्या पापडांवरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. पेणमध्ये पापडाचा अपमान म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. त्याच संध्याकाळी साखळी आली. "तात्पुरती हो," मी हिला म्हणालो. आता आमच्या बँकेत एखाद्या कागदावर 'तात्पुरते' असा शेरा पडला की तो कागद तुमच्या-आमच्या निवृत्तीपर्यंत जागचा हलत नाही. साखळीचंही तसंच झालं. साडेतीन वर्षं.

मग धाकटीनं शाळेत 'माझा आवडता प्राणी' हा निबंध लिहिला. "आमच्या कुत्र्याचे नाव टायगर आहे. तो इमानी आहे. तो सहा फूट पळतो." बाईंनी 'सहा फूट' लाल शाईनं खोडून वर 'वेगाने' असं लिहिलं होतं. धाकटी रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, माझं चुकलं कुठे? मी आईच्या शिवणाच्या टेपनं मोजलं होतं!"

मी पोट धरून हसलो. ऑफिसात सांगून सगळ्यांना हसवलंही. हे असं हसता येणं म्हणजेच माणसाचं मन साफ असल्याची खूण, असं मी तेव्हा समजत होतो.

पुढच्याच आठवड्यात रेबीजची लस टोचून घ्यायला टायगरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. नंबर यायला वेळ होता, म्हणून भिंतीवरचा फलक वाचत बसलो. फलक वाचायची मला सवय आहे. आमच्या बँकेतले कोणी वाचत नाही, म्हणून दुसऱ्यांचे मी सहानुभूतीनं वाचतो. तो होता प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्याचा, १९६० सालच्या. जनावराला मारणं गुन्हा, झेपणार नाही एवढं ओझं लादणं गुन्हा, पाळलेलं जनावर उपासमार होईल असं वाऱ्यावर सोडणं गुन्हा. मी प्रत्येक ओळीला मान डोलावत होतो. काय एकेक माणसं असतात! आणि मग पुढची ओळ आली : नेहमी साखळीनं बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडूफिरू न देणं, हाही गुन्हा.

मी आजूबाजूला पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं. टायगर तेवढा माझ्याकडे पाहून शेपूट हलवत होता.

दंड वाचून मात्र धीर आला. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये! १९६० साली पन्नास रुपये म्हणजे कारकुनाच्या डोळ्यांत पाणी आणणारी रक्कम होती. आज त्यात दोन वडापाव आणि एक चहा येतो. म्हणजे साडेतीन वर्षांच्या साखळीची किंमत दोन वडापाव. मी वाणिज्य शाखेचा माणूस. पण हा हिशेब जुळलेला असूनही मला बरोबर वाटेना.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, त्याला कमी काय आहे? दोन वेळची भाकरी मिळते, रविवारी कोंबडीची हाडं मिळतात." ही म्हणाली, "अहो, आपण त्याला कधी बोट तरी लावलंय का?"

आणि तिथेच मी अडकलो. बोट लावलं नव्हतं हे खरं. मारायला नाही, तसं कुरवाळायलाही नाही.

आपल्याकडे भूतदयेची परंपरा केवढी मोठी! नाथांनी काशीहून आणलेली गंगा तहानलेल्या गाढवाला पाजली. नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. १८३२ साली इंग्रजांनी मुंबईतली मोकाट कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि शहराचे व्यवहार थंडावले. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय तर एकोणिसाव्या शतकापासून जनावरांची शुश्रूषा करतं आहे. हे सगळं आठवून मला नेहमी अभिमान वाटतो, आणि त्या यादीच्या शेवटी, बारीक अक्षरात का होईना, मी माझा रेनकोट लिहून टाकलेला होता. पण नाथांनी त्या गाढवाला घरी आणून सहा फुटांच्या दोरीनं बांधल्याचं काही ऐकिवात नाही. माझं पुण्य एका पावसाळी दिवशी एकरकमी जमा झालं, आणि पुढे मी त्याचं नुसतं व्याज खात बसलो.

बँकेच्या भाषेत सांगतो. खातं दोन वर्षांहून जास्त काळ वापरलं नाही की ते निष्क्रिय होतं. खातेदार तावातावानं येतात, "निष्क्रिय कसं? दर वेळी व्याज जमा होतंय की!" मी शांतपणे सांगतो, "व्याज बँक आपणहून टाकते साहेब, तो व्यवहार धरत नाहीत. तुम्ही स्वतः येऊन काही केलंत का?" हे वाक्य मी हजार वेळा बोललो असेन. टायगरची भाकरी हे असलंच व्याज होतं. वेळच्या वेळी पडत होतं, आणि त्याच्याकडे मात्र कोणी फिरकत नव्हतं. काठी मारायला निदान जनावराजवळ जावं लागतं. विसरायला तेवढेही कष्ट नाहीत. म्हणूनच तर आमच्यासारख्या सज्जन माणसांना क्रूरपणाचा हा प्रकार परवडतो.

त्या गुरुवारी आई दत्ताच्या तसबिरीला हार घालत होती. गेली चाळीस वर्षं ती तसबीर मी पाहतो आहे. त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. दत्तापाशी चार कुत्री आहेत, आणि चारातल्या एकाच्याही गळ्यात साखळी नाही. तरी ती कुठे गेलेली नाहीत.

रात्री जेवणं झाल्यावर अंगणाचं फाटक लावलं, कडी दोनदा तपासली आणि साखळी सोडली. महामार्गाच्या काठावर कुत्रं मोकाट सोडणं म्हणजे दुसरा गुन्हा, एवढं मलाही कळतं. मला वाटलं, आता हा सुसाट सुटणार. टायगर उठला, अंग झाडलं आणि शेवग्याभोवती फिरू लागला. बरोबर सहा फुटांवरून. तिथे रोजच्या चालण्यानं जमिनीवर वाट पडली होती. त्या वाटेच्या बाहेर त्यानं पाऊल टाकलं नाही. साखळी माझ्या हातात होती आणि तो तरीही बांधलेला होता.

मी वाटेच्या पलीकडे उकिडवा बसून त्याला हाका मारत राहिलो. किती वेळ ते सांगत नाही. ही दोनदा दार उघडून पाहून गेली. शेवटी त्यानं एक पाय बाहेर टाकला, माझ्याकडे पाहिलं, मग दुसरा टाकला.

आता तो दिवसा अंगणात मोकळा असतो, आणि सकाळ-संध्याकाळ दोरी धरून मी त्याला फिरवून आणतो. परवा पुन्हा पापडांवर पाऊल पडलं. ही म्हणाली, "चार पापड तुमच्या नावावर मांडलेत." मी मुकाट्यानं मान्य केलं. कायद्यापेक्षा हा दंड कडक आहे. धाकटीनं निबंधाची वही काढून पाहिली आणि म्हणाली, "बाबा, आता बाईंचं बरोबर आहे."

शेवग्याभोवतीची ती वाट अजून तशीच आहे. तिथे गवत उगवायला एक पावसाळा तरी जाईल. तोवर रेनकोटाची गोष्ट कोणाला सांगायची नाही, असं मी ठरवलं आहे.