न विचारलेला प्रश्न

आमच्या जुन्या गाडीच्या बॉनेटखाली पेट्रोलचा वास येई. गळती शोधायची तर इंजिन थंड हवं. तापलेल्या इंजिनावर थेंब दिसण्याआधीच उडून जातो. एका सकाळी सापडलं. पंपाकडून कार्बुरेटरकडे जाणारी रबरी नळी क्लिपपाशी तडकली होती. नळी ती केवढी! पण विकायच्या गाडीला खर्च कोण करतो?

रविवारी गिऱ्हाईक येण्याआधी मी इंजिन चांगलं तापवून ठेवलं. गृहस्थ आले तेही (देवाची कृपा) सर्दी घेऊन. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. यात खोटं कुठं आलं? बँकेत एका रुपयाच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसणारा मी, स्वतःला हेच पटवत होतो. एवढ्यात बॉनेटवर वाकून त्यांनी काडेपेटी काढली.

“अहो, थांबा!” मी ओरडलो.

“का हो?”

आता मात्र त्यांनी विचारलं होतं.