रेघ आणि दरी

नाशिक जिल्ह्यातल्या कळवणच्या पश्चिम पट्ट्यातल्या डोंगरी गावांत गरिबीला एक साधं नाव होतं: खावटी. आषाढ-श्रावणात कणगीतली नागली-वरई संपली की सावकाराकडून दाणे आणायचे आणि पीक निघालं की वाढीदिढीने फेडायचे. सावकार लुबाडायचा, पण त्याला तोंड होतं, घर होतं. राग कुणावर काढायचा हे कुळाला ठाऊक होतं. पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात १८७५ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले ते म्हणूनच. त्यावर कर्जबाजारी शेतकऱ्यांना संरक्षण देणारा १८७९ चा कायदा आला. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी मात्र बोट सावकाराच्याही पलीकडे, सरकारी कचेऱ्यांकडे आणि हिरावलेल्या विद्येकडे दाखवलं.

१९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी गरिबीला रेघ मारली: १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. पोटाला रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढाच खर्च. विकासाचा लाभ मुख्यतः वरच्या थरांकडेच गेला, हेही त्यांनी लिहिलं होतं. आपण रेघ तेवढी उचलली. तिचा उपयोग झाला नाही असं नाही. भुकेकडे काणाडोळा करणं सरकारला जड झालं. १९७२ मध्ये नाशिकला आदिवासी विकास महामंडळ उभं राहिलं, पुढे खावटीसुद्धा सरकारी कर्ज झाली.

पण रेघ एकेकट्या माणसाला मोजते. दोन माणसांमधलं अंतर तिच्यात दिसत नाही.

ते कळवणमध्ये दिसतं. पहाटे पश्चिमेकडची गावं पिकअपमध्ये दाटीवाटीने उभी राहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. थोड्या वेळाने त्याच रस्त्याने इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी बस जाते. मजुरांची मुलं आश्रमशाळेत असतात. पूर्वी सावकाराचं पोर आणि कुळाचं पोर गावातल्या एकाच शाळेत बसण्याची निदान शक्यता तरी होती. (जुन्या गावाचे गोडवे गायचे नाहीत, जात तिथेही वेगळं बसवतच होती.) आता ज्याच्याकडे पैसा आहे त्याला गावच्या शाळेची, सरकारी दवाखान्याची, एसटीची गरज उरलेली नाही. मग शाळेत शिक्षक नसला, दवाखान्यात औषध नसलं तरी ओरडणारा आवाज उरतो तो फक्त ज्याचं कुणी ऐकत नाही त्याचा. विषमतेचा मला सगळ्यात महाग वाटणारा परिणाम हाच. खिशातल्या पैशांच्या फरकाइतकीच ही तुटलेली भागीदारी मोजायला हवी. तिला अजून रेघ मिळालेली नाही.

हे अंतर एकदा मुंबईच्या रस्त्यावरही दिसलं. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेल्या किसान मोर्चात सुरगाणा, पेठ, कळवणकडचे आदिवासी शेतकरी वनपट्टे मागायला पायी मुंबईला गेले. शेवटच्या टप्प्यात रात्रभर चालले, कारण सकाळी मुंबईतल्या मुलांची दहावीची परीक्षा होती आणि रस्ता अडू नये असं त्यांना वाटलं. मुंबईकर पाणी, खाणं, चपला घेऊन रस्त्यावर आले. रक्ताळलेले पाय वर्तमानपत्रांत छापून आले.

दहावीचा तोच पेपर त्या दिवशी कळवणच्या आश्रमशाळांतली मुलंही लिहीत होती.