ताऱ्याच्या ठेक्यावरून अंतर

इंदापूर तालुक्यात उजनीच्या काठावर रात्री उभे राहिले, की पाण्यापलीकडे एखादा दिवा दिसतो. तो जवळचा मिणमिणता आहे की लांबचा प्रखर, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. आकाशाचीही अडचण हीच. ताऱ्याचे मूळ तेज कळले तर पुढचे गणित सोपे आहे: तेवढ्याच तेजाचा तारा चौपट फिका दिसला, तर तो दुप्पट लांब. पण मूळ तेज सांगणार कोण?

काही तारे ते स्वतःच सांगतात. श्रवणाच्या ठळक ताऱ्यापासून दक्षिणेला सुमारे आठ अंशांवर गरुड तारकासमूहातला ‘ईटा’ आहे. ऑक्टोबरात, आभाळ निवळले की संध्याकाळी तो दुर्बिणीशिवाय दिसतो. जवळच्या ‘बीटा’शी रोज ताडून पाहावे. कधी ईटा किंचित उजळ, कधी उघड फिका. सात दिवस आणि चार तासांनी पुन्हा तीच अवस्था. उजळतो झपाट्याने, मंदावतो सावकाश.

असे का होते? वरच्या थरांतले हेलियम दाबले जाऊन तापले, की उष्णता अडवून धरते. कोंडलेल्या उष्णतेने तारा फुगतो. फुगता फुगता थर निवतात, उष्णतेला वाट मिळते, आणि गुरुत्वाकर्षण त्यांना परत आत ओढते. तारा जितका मोठा आणि तेजस्वी, तितका हा ठेका संथ.

हा नियम खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये लघु मॅगेलनी मेघ या दूरच्या तारासमूहातल्या २५ ताऱ्यांवरून मांडला. तो मेघ बारामती-इंदापुरातून दिसत नाही. पेरू देशातून टिपलेल्या काचेच्या छायापट्ट्यांवर त्यांनी काम केले. सगळे तारे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. तेव्हा दिसणाऱ्या तेजातला फरक मूळ तेजातलाच. ठेका मोजला की तेज कळते, तेजावरून अंतर. अशा ताऱ्यांना सेफिड म्हणतात.

१९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांना देवयानी तेजोमेघात सेफिड सापडला; त्यावरून अंतर काढल्यावर तो मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली. १९२९ मध्ये त्यांनी दाखवले, की दीर्घिका जितकी दूर, तितक्या वेगाने ती दूर जाते. विश्व प्रसरण पावते आहे.

या प्रसरणाचा वेग किती, यावर आज मतभेद आहे. सेफिडांच्या आधाराने दर मेगापार्सेकला (हे दीर्घिकांमधली अंतरे मोजण्याचे एकक) सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर येतो. विश्वाच्या बाल्यातल्या प्रारणावरून ६७. फरक मोजणीतल्या चुकीचा, की विश्वाविषयीच्या आपल्या समजुतीतल्या उणिवेचा? त्याचा निवाडा करायचा, तर सेफिडांची फूटपट्टी आधी पक्की हवी. म्हणून गाया उपग्रहाने आकाशगंगेतल्या सेफिडांचे पराशय मोजले: पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जेवढा सरकल्यासारखा दिसतो, त्यावरून थेट अंतर. दूरचे जितके नेमके हवे, तितके जवळचे आधी नेमके मोजावे लागते.