शब्दाचा जामीन

दिवाळीच्या चार दिवसांत शिक्षिकेच्या घरी फराळाच्या डब्यांबरोबर जुने विद्यार्थीही येतात. कुणी नोकरीची बातमी घेऊन येतो, कुणी लग्नाची. आणि ज्याच्याजवळ यांतली एकही बातमी नसते तो उंबऱ्यापाशीच थोडा घुटमळतो. गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याच्या सकाळी माझा एक विद्यार्थी आईला घेऊन आला. उंबऱ्यापाशी तो मुळीच घुटमळला नाही. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि आईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद.

हा मुलगा माझ्यापाशी अक्षरे गिरवायला शिकला. आई घरी शिवणकाम करते. त्या घरात बी.एस्सी. झालेला तो पहिलाच. कागद देशभर नाव असलेल्या एका कंपनीच्या नेमणुकीचा होता. वर निळे बोधचिन्ह, खाली गोल शिक्का, दोन सह्या आणि मधोमध वार्षिक पगाराचा घसघशीत आकडा.

"बाई, तुम्ही एकदा नजर घाला," आई म्हणाली. "तुम्ही बरं आहे म्हणालात की माझा जीव भांड्यात पडेल."

मी मॅट्रिकच्या पुढे शिकले नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यामुळे गावात मला विद्वान समजतात आणि मीही तो समज खोडून काढत नाही. इंग्रजी पत्र मी वाचू शकते. पण कंपन्या नेमणुकीची पत्रे कशी लिहितात, हे मला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. तेवढे मी त्या दिवशी सांगायला हवे होते. सांगितले नाही. शेवटच्या परिच्छेदात प्रशिक्षण आणि लॅपटॉप यांसाठी साडेअठरा हजारांची 'परत मिळणारी अनामत' दोन दिवसांत भरण्याची ओळ होती. ती मी वाचली आणि पुढे गेले. "छान आहे हो!" म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.

त्या माउलीचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी तिच्या पाटल्या पतसंस्थेत सोनेतारणाला पडल्या.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. अनामत भरल्यावर 'पोलिस पडताळणी'चे म्हणून आणखी बारा हजार मागितले गेले, तेही भरले. ठरल्या दिवशी बॅग घेऊन मुलगा पुण्याला, हिंजवडीतल्या त्या कंपनीच्या फाटकावर गेला. पहारेकऱ्याने पत्र उलटसुलट पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "या महिन्यातला तू चौथा."

मुलगा परत आला नाही. एका मित्राच्या कॉट बेसिसच्या खोलीवर राहिला आणि रोज रात्री आईला फोन करीत गेला. 'जॉइन झालो. कँटीनचं जेवण चांगलं आहे. साहेब समजूतदार आहेत.' असे त्याने एकवीस दिवस केले. बाविसाव्या दिवशी पतसंस्थेचा हप्ता द्यायचा होता, तेव्हा त्याला रडू फुटले.

गावात बातमी पसरली आणि गावाने न्याय दिला. कुणी म्हणाले, 'एवढा शिकलेला आणि असा कसा फसला?' कुणी म्हणाले, 'लोभ, दुसरे काय?' ही दोन्ही वाक्ये आपण इतक्या सहज उच्चारतो, की ती खरी आहेत की नाहीत हे तपासण्याची गरजच वाटत नाही. मला मात्र ती तपासावी लागली. कारण या व्यवहारात माझाही हात होता.

प्रथम लोभाचा विचार करू. पदवीनंतर नोकरी मिळावी, आईची शिवणयंत्रावर वाकलेली पाठ सरळ व्हावी, असे वाटणे याला लोभ म्हणायचे असेल तर निर्लोभी माणूस कोणत्या आश्रमात शोधायचा? पण लोभाचा आरोप सगळीकडेच खोटा असतो असेही नाही. २०२२ च्या जून-जुलैमध्ये नवी दिल्लीच्या रेल्वे स्थानकावर एक विलक्षण प्रकार घडला. तमिळनाडूतील अठ्ठावीस तरुण महिनाभर रोज आठ तास फलाटांवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजत होते. त्यांतले बहुतेक अभियांत्रिकी वा तांत्रिक शिक्षण घेतलेले पदवीधर. कुणाला तिकीट तपासनीस, कुणाला कारकून अशा जागा मिळणार असून हे त्यांचे प्रशिक्षण आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. त्यासाठी प्रत्येकाने दोन लाखांपासून चोवीस लाखांपर्यंत रक्कम मोजली होती. एकूण आकडा २ कोटी ६७ लाखांचा. नोकरी नव्हतीच. गाड्या तेवढ्या खऱ्या होत्या.

ती बातमी वाचून मला हसू आले आणि लगेच त्या हसण्याची लाजही वाटली. त्या मुलांनी डबे प्रामाणिकपणे मोजले असतील. उन्हात, गर्दीत, हमालांचे धक्के खात, एकही गाडी चुकू नये म्हणून. त्यांचे श्रम खोटे नव्हते. मात्र एक गोष्ट नाकारता येत नाही. पैसे देऊन सरकारी जागा मिळते, हे त्यांनी आणि त्यांच्या घरांनी गृहीत धरले होते. रांगेत पुढे उभ्या असलेल्या, कदाचित आपल्याहून गरीब असलेल्या मुलाला ओलांडून जाण्याची किंमत त्यांनी मोजली होती. ठकाने त्यांना जो माल विकला तो खोटा निघाला, हे खरे. पण तो खरा असता तर व्यवहार शुद्ध ठरला असता काय?

म्हणून मला वाटते, फसव्या नेमणुका दोन जातींच्या असतात. एक आपल्या भोळेपणाला हात घालते, दुसरी आपल्या मनातल्या चोरवाटेला. पहिलीत फसलेल्याचा दोष फक्त अज्ञानाचा. दुसरीत तो थोडा भागीदारही असतो, आणि म्हणूनच पोलिसांत जायला त्याचे पाय जड होतात. या दुसऱ्या जातीवरचा उपाय सोपा आहे. फक्त त्याला मन घट्ट लागते. 'वरपर्यंत ओळख आहे', 'साहेबांचा कोटा आहे' हे शब्द ऐकताच उठावे. रेल्वेची भरती जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन होते. केंद्र सरकारच्या क वर्गाच्या आणि ब वर्गातील अराजपत्रित जागांसाठी तर १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच उरलेली नाही. तेव्हा अशा जागेसाठी 'मुलाखतीत सांभाळून घेऊ' असे म्हणणारा माणूस अस्तित्वात नसलेली वस्तू विकत असतो.

पहिल्या जातीसाठी मात्र डोळे लागतात. त्या मुलाचे पत्र मी नंतर पुन्हा मागून घेतले आणि शिक्षिका वही तपासते तसे तपासले. किती ठिकाणी लाल शाईची खूण करता आली असती! मुलाखत झालीच नव्हती. वीस मिनिटे मोबाइलवर लेखी प्रश्नोत्तरे झाली होती. पत्र ज्या ईमेलवरून आले तो पत्ता कंपनीचा नसून कुणालाही फुकट मिळणाऱ्या खात्याचा होता. पैसे भरायचे खाते कंपनीच्या नावावर नव्हते, एका व्यक्तीच्या नावावर होते. घाई तर शब्दाशब्दांत होती: दोन दिवसांत भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. आणि सर्वांत मोठी खूण मी डोळ्यांनी पाहूनही सोडली होती. नोकरी म्हणजे आपण श्रम द्यायचे आणि समोरच्याने मोल द्यायचे. जिथे काम सुरू होण्याआधीच पैशाचा ओघ उलट दिशेने वाहू लागतो, तिथे नोकरी नसते. अनामत म्हणा, प्रशिक्षण म्हणा, पडताळणी म्हणा. नाव बदलल्याने ओघाची दिशा बदलत नाही. शेतावर रोजाने जाणारी बाईसुद्धा कामावर घेण्याबद्दल मालकाला आधी पैसे देत नाही. तिला जे कळते ते पदवीच्या घरात का कळू नये?

कळत नाही, कारण तिथे विचारणारा एकटा असतो. फसवणुकीची खरी कला कागद बनवण्यात नाही, माणसाला एकटे पाडण्यात आहे. आधी घाई करून सल्ला घेऊ द्यायचा नाही. मग पैसे गेले की लाजेने तोंड उघडू द्यायचे नाही. पुढचे काम आपणच करतो. 'असा कसा फसला?' या आपल्या प्रश्नाच्या भीतीने माझा विद्यार्थी एकवीस दिवस आईशी खोटे बोलला. ज्याला फसवले गेले तोच फसवू लागला. हीच गोष्ट फार क्रूर रूपात आपण परदेशी घडलेली पाहिली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला होता, की थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने संगणक जाणणाऱ्या तरुणांना चोरट्या मार्गाने म्यानमारमध्ये नेऊन डांबले जात आहे. तिथल्या अशा तळांवर त्यांच्याकडून काम करून घेतले जाई ते इंटरनेटवरून इतरांना ठकवण्याचे! मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना तिथून परत आणले. परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या दलालाची नोंदणी १९८३ च्या कायद्याने सक्तीची आहे आणि ती सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. पण पाहायला सांगणारे कुणीतरी शेजारी असावे लागते.

आता माझ्या स्वतःच्या दोषाकडे येते. दिल्लीच्या त्या प्रकरणात एक वयस्कर माजी सैनिक होता. मुलांना दिल्लीपर्यंत त्यानेच नेले; हा बनाव असल्याची आपल्याला कल्पना नव्हती असे त्याचे म्हणणे, आणि पोलिसांकडे तक्रारही त्यानेच केली. त्याच्याविषयी वाचताना मला आरशात पाहिल्यासारखे झाले. ठकाला मुलांच्या घरात शिरायला एक भला माणूस लागतो. कुठे तो सैनिक असतो, कुठे नात्यातला मामा, कुठे शाळेतल्या बाई. आईने साडेअठरा हजार त्या निळ्या बोधचिन्हावर विश्वासून दिले नाहीत, माझ्या 'छान आहे हो'वर विश्वासून दिले. कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही करताना आपण दहादा विचार करतो. कारण बुडाले तर आपल्याला भरावे लागते. शब्दाचा जामीन मात्र आपण पेढा खाता खाता राहतो. कारण बुडाले तर दुसऱ्याच्या पाटल्या जातात.

विश्वास हा सद्गुण की निष्काळजीपणा, हा जुना प्रश्न आहे. 'विश्वास पानिपतावरच गेला' असे आपल्याकडे थट्टेने म्हणतात. पण विश्वासावाचून एक दिवसही चालत नाही. आणि 'कुणावर विश्वास ठेवू नको' असे मुलांना शिकवणारी शाळा मला चालवायची नाही. मला एवढेच उमगले, की माझा विश्वास ही माझी मिळकत आहे, तो मी हवा तसा उधळावा; परंतु दुसऱ्याने माझ्यावर ठेवलेला विश्वास ही ठेव आहे. तपासून पाहिल्यावाचून ती खर्च करण्याचा मला अधिकार नाही. ज्याला घरात, गावात मान आहे त्याच्यावर 'मला यातले कळत नाही' असे म्हणण्याची जबाबदारी इतरांपेक्षा अधिक आहे.

कायद्याने हे प्रकरण स्वच्छ ठरवून टाकले आहे. ४२० चा आकडा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आले, तरी गुन्हेगार ठकवणाराच राहिला, ठकलेला नाही. आपल्या घरांनी एवढा तरी न्याय शिकावा. पैसे गेल्याचे कळताच '१९३०' या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे; जितके लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा अधिक. पण मुलाने ते तासाभरात सांगायचे, तर घरात हसणारे कुणी नसावे लागते. माझ्या विद्यार्थ्याने एकवीस दिवस घालवले, तेव्हा पैसे कुठल्या कुठे गेले होते. मी त्याच्या आईकडे जाऊन म्हटले, "चूक माझी. मी न कळता हो म्हटलं." ती म्हणाली, "बाई, तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" आणि यंत्राचे चाक फिरवू लागली. पाटल्या सोडवायला आम्हां दोघींना दीड वर्ष लागले. मुलगा आता तालुक्याला एका औषधांच्या दुकानात हिशेब सांभाळतो.

या जूनमध्ये आणखी एक विद्यार्थिनी असाच कागद घेऊन आली. पेढेही होते. मी पुडा बाजूला ठेवला आणि म्हटले, "मला यातलं कळत नाही. बस, आपण शोधू." पत्रातला क्रमांक आम्ही लावला नाही, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून शोधून काढला. मुलीचा चेहरा उतरला होता. "बाई, असं विचारलं तर त्यांना राग नाही का येणार?" दुसऱ्या दिवशी कचेरीतून एका बाईने नीट तपासून सांगितले, "हो, पत्र आमचंच आहे. विचारलंत ते बरं केलंत."

खऱ्याला विचारल्याचा राग येत नाही. पेढा एका दिवसाचा शिळा झाला होता. आम्ही दोघींनी तो अर्धा-अर्धा खाल्ला.