चाकातली हवा

तोरणा पाठीशी ठेवून वेल्ह्याहून केळदकडे, मढे घाटाच्या दिशेनं सायकल काढावी आणि मधेच डांबर सोडून रानातल्या गाडीवाटेला लागावं. तिथे पहिलं काम एकच. खाली उतरायचं आणि चाकांतली हवा थोडी सोडायची. फुस्स! टणक भरलेलं चाक खडीवरून उसळत राहतं, मनगटं भरून येतात. 40 मिलिमीटरचा रुंद टायर जरा मऊ झाला, की दगडाला बिलगून पुढे सरकतो. वेग? तो इथे विसरायचाच. चाकाखालचा मुरूम मात्र पापड मोडल्यासारखा वाजतो. गेल्या खेपेला हवा सोडायचा कंटाळा केला आणि पहिल्याच ओढ्यात आडवा झालो. कोपर अजून दुखतं. उतारावर गुरं आडवी आली, तर घंटी बडवू नका. पाय टेका, त्यांना जाऊ द्या.