एका दिवसाचा गुरू

जो मनुष्य वर्षातून एकदा येतो, मुलांस चार गोष्टी शिकवितो आणि लागलीच निघून जातो, त्यास गुरू म्हणावे काय? किंबहुना, जेथे आपणांस राहावयाचे नाही तेथे जाऊन शिकविण्याचा अधिकार तरी मनुष्यास पोहोचतो काय? हा प्रश्न वरवर पाहता लहान दिसतो. परंतु गावोगावच्या शाळांस भेटी देणाऱ्या आणि दिवस मावळण्यापूर्वी पुढच्या गावाची वाट धरणाऱ्या प्रत्येकास तो केव्हा ना केव्हा पडतोच. ह्याचा विचार आपल्याच गावापासून आरंभिला तर आपले रागलोभ मध्ये येतात. म्हणून आज आम्ही वाचकांस दूर ऑस्ट्रेलिया खंडात नेऊ इच्छितो. तेथे हे काम इतक्या मोठ्या अंतरांवर आणि इतक्या दीर्घ काळापासून चालत आले आहे की, त्यातील हित व अहित ही दोन्ही स्पष्ट दिसून येतात.

ऑस्ट्रेलियाची मोठी शहरे बहुतेक समुद्रकिनाऱ्यालगत वसली आहेत. आतला मुलूख, ज्यास तेथील लोक ‘आउटबॅक’ म्हणतात, तो बराचसा तांबड्या मातीचा, अल्प पावसाचा व अत्यंत विरळ वस्तीचा आहे. तेथे गुरे व मेंढरे पाळण्याची अफाट कुरणे आहेत. त्यांस ‘स्टेशन’ असे नाव आहे, पण आगगाडीशी त्या नावाचा काही संबंध नाही. कित्येक ठिकाणी एका घरापासून शेजाऱ्याच्या घरापर्यंत जावयाचे म्हणजे दिवसभराचा प्रवास पडतो. ह्याच मुलखात गोरे लोक येण्यापूर्वी हजारो वर्षांपासून तेथील मूळ रहिवासी राहत आले आहेत. युरोपीय लोक त्या खंडात उतरले तेव्हा ह्या मूळ रहिवाशांच्या अडीचशेहून अधिक भाषा तेथे बोलल्या जात होत्या. तेव्हा हा मुलूख शून्य नव्हता व मुका तर नव्हताच, हे आरंभीच ध्यानात ठेवलेले बरे.

अशा प्रदेशात मूल शाळेत जाऊ शकत नाही. म्हणून शाळेनेच मुलाकडे जावे, असे ठरले. विसाव्या शतकाच्या आरंभी क्वीन्सलंड प्रांतात फिरते शिक्षक नेमण्यात आले. ते घोडागाडीतून पुस्तके घेऊन घरोघर जात, थोडा वेळ शिकवीत, पुढील भेटीपर्यंतचा अभ्यास नेमून देत आणि पुढे निघत. त्यानंतर दुसरे साधन निघाले. जॉन फ्लिन नामक प्रेस्बिटेरियन पाळकांनी १९२८ साली क्लॉनकरी गावी विमानाने फिरणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू केली. परंतु दूरच्या घरातून डॉक्टरांस हाक मारावी कशी? ही अडचण आल्फ्रेड ट्रेगर नामक यंत्रकुशल गृहस्थांनी १९२९ साली दूर केली. त्यांनी पायाने पॅडल मारून वीज उत्पन्न करणारे बिनतारी यंत्र सिद्ध केले. ह्याच बिनतारी यंत्रांवरून मुलांस धडेही देता येतील, ही कल्पना अ‍ॅडलेड मीथके ह्या अनुभवी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी उचलून धरली आणि १९५१ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे ‘आकाशवाणीची शाळा’ उघडली. प्रथम शिक्षक बोलत आणि मुले नुसती ऐकत. परंतु थोडक्याच काळात मुलांसही प्रश्न विचारण्याची सोय झाली. आता त्या यंत्रांची जागा उपग्रहाने चालणाऱ्या इंटरनेटने घेतली आहे. ह्या एका शाळेचा विस्तार सुमारे १३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौपट आहे. आणि इतक्या विस्तारात मुले मात्र शंभर-सव्वाशेच्या आसपास!

आता जी गोष्ट आमच्या विचाराचे मूळ आहे ती सांगतो. उपग्रहामुळे शिक्षकाचा आवाज व चेहरा ही दोन्ही मुलांस घरबसल्या मिळतात. तरीही ह्या शाळेचे शिक्षक वर्षातून निदान एकदा प्रत्येक मुलाच्या घरी जातात. शेकडो किलोमीटर धुळीचा रस्ता तुडवून, पाणी व जादा टायर बरोबर घेऊन ते जातात. कोणी विचारील की, हा खर्च व हे श्रम कशासाठी? एका दिवसात असे काय शिकविता येते, की जे यंत्रावरून शिकविता येत नाही?

ह्याचे उत्तर मुलाकडे पाहून मिळणार नाही; मुलाच्या शेजारी कोण बसले आहे ते पाहावे लागेल. त्या शाळेत प्रत्येक मुलाजवळ घरचा शिक्षक असतो. बहुधा ती त्याची आई असते. कोठे पगारी शिक्षिका ठेवलेली असते. रोजचा धडा तीच बसून करून घेते. चूक तीच दुरुस्त करते आणि कंटाळलेल्या मुलास पुन्हा वहीपाशी तीच आणते. घरातील सर्व कामे उरकून हे काम करावयाचे. शेजारीण नाही, सल्ला देणारे कोणी नाही. आपण करतो ते बरोबर की चूक, ही शंका तिच्या मनात नित्य असते. शिक्षक घरी येतो, तिच्यापाशी बसतो, तिची रीत पाहतो, कोठे अडते ते विचारतो. आणि जाताना ती पूर्वीपेक्षा धीराने वहीपाशी बसते. मुलास त्या दिवशी जे शिकविले ते कदाचित तो विसरेल. परंतु आईस मिळालेला धीर वर्षभर पुरतो. तेव्हा पाहुण्याच्या भेटीचे मोल त्याने स्वतः किती शिकविले ह्यावर ठरत नाही. मागे राहणाऱ्याचा हात त्याने बळकट केला की दुबळा, ह्यावर ते ठरते.

परंतु ह्या चित्रास दुसरी बाजू आहे. ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच रस्त्यांनी, त्याच धुळीतून, दुसरेही पाहुणे येत असत. सरकारी अंमलदार व पोलीस मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत येत आणि त्यांची मुले, विशेषतः ज्यांच्या अंगी गोरे रक्त मिसळले होते ती, आईबापांपासून तोडून नेत. ह्या विषयाच्या सरकारी चौकशीचा अहवाल १९९७ साली प्रसिद्ध झाला. १९१० पासून १९७० पर्यंत दर दहांत एक ते दर तिनांत एक इतक्या प्रमाणात मुले अशी नेली गेली, असा अंदाज त्यात दिला आहे. गाडीचा आवाज ऐकताच माता मुलांस झाडीत लपवीत; कित्येक जणी त्यांचे अंग कोळशाने काळे करीत, म्हणजे गोरा वर्ण दिसून येऊ नये. ही मुले जेथे ठेवली गेली त्यांत मिशनांची वसतिगृहेही होती, हे आम्ही खाली मान घालूनच लिहितो. मुलांचे कल्याण करीत आहोत, त्यांस शिक्षण देत आहोत, अशीच नेणाऱ्यांपैकी पुष्कळांची समजूत होती. १३ फेब्रुवारी २००८ रोजी त्या देशाच्या पंतप्रधानांनी पार्लमेंटात ह्याबद्दल जाहीर क्षमा मागितली.

ह्यावरून काय दिसते? हेतू चांगला असणे पुरेसे नाही. मूल शिकावे म्हणून त्याच्या आईस निरुपयोगी ठरविणे, हे अहिताचे बीज होय. आईस बाजूस सारल्यावर मग तिच्या भाषेची, तिच्या ज्ञानाची आणि शेवटी तिच्या मातृत्वाचीही गरज उरत नाही. मनुष्य ह्या पायऱ्या एकेक करून उतरतो आणि प्रत्येक पायरीवर स्वतःस उपकारकर्ताच समजतो.

ह्याच्या उलट एक उदाहरण देतो. मध्य ऑस्ट्रेलियात हर्मन्सबर्ग येथे ल्यूथरन मिशनचे ठाणे होते. तेथे १९३४ साली रेक्स बॅटरबी नामक चित्रकार येऊन आपली चित्रे दाखवून गेले. ती चित्रे अरंडा जातीच्या अल्बर्ट नामाजिरा ह्यांनी पाहिली आणि आपणही तसे चितारावे अशी त्यांस इच्छा झाली. १९३६ साली बॅटरबी पुन्हा आले, तेव्हा दोघे उंट घेऊन सुमारे दोन महिने डोंगरदऱ्यांतून हिंडले. उंट हाकणे व वाट दाखविणे हे नामाजिरांचे काम. रंग व कुंचला शिकविणे हे बॅटरबींचे. म्हणजे त्या दोन महिन्यांत गुरू कोण व शिष्य कोण, हे घडीघडीला बदलत होते. १९३८ साली मेलबर्न शहरात नामाजिरांच्या चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन झाले आणि सर्व चित्रे विकली गेली. पुढे त्यांचे कित्येक नातलग व जातबांधवही चित्रे काढू लागले. पाहुणा दोन महिने होता. परंतु त्याने कुंचला दुसऱ्याच्या हाती देऊन ठेवला होता.

तसेच उत्तरेस आर्नहेम लँड प्रांतात पाहावे. तेथील योलंगू लोकांची दूरदूरची खेडी आहेत. पावसाळ्यात पुष्कळांचे रस्ते बंद होतात. यिरकला येथून शिक्षक विमानाने वा मोटारीने तेथे जातात, काही दिवस राहतात व परततात. परंतु तेथे गावचाच योलंगू शिक्षक असतो. पाहुणा नसतानाही शाळा तोच चालवितो. १९७३ पासून त्या प्रांतातील काही शाळांत प्रथम मातृभाषेतून शिकविण्याचा क्रम सुरू झाला. पुढे २००८ साली, दिवसाचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवावे असा सरकारी हुकूम सुटला. त्यास पुष्कळ विरोध झाला व कालांतराने तो सैल पडला. ह्याच यिरकला गावचे मंदावुय युनुपिंगू हे १९९० साली तेथील शाळेचे मुख्याध्यापक झाले. दोन्ही ज्ञानांचा मेळ कसा असावा हे सांगताना ते आपल्या लोकांचा ‘गनमा’ हा दृष्टांत देत. नदीचे गोडे पाणी व समुद्राचे खारे पाणी खाडीत एकत्र येते. त्यात दोहोंपैकी कोणीही नाहीसे होत नाही. कोकणातील आमच्या वाचकांस ह्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

आता आमची एक चूक सांगतो. कारण दुसऱ्या देशाचे दोष मोजून आपण मोकळे होणे बरे नव्हे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका खेड्यातील शाळेस भेट दिली. मास्तर फळ्यावर भागाकार मांडीत होते व त्यात एक आकडा चुकला. आम्ही उठलो, त्यांच्या हातातून खडू घेतला, आकडा दुरुस्त केला आणि मुलांस त्याचे कारणही मोठ्या उत्साहाने समजावून दिले. मुले आनंदली, आम्हीही आनंदलो. पुढील वर्षी गेलो तेव्हा मास्तर एकांतात म्हणाले, “पाळकसाहेब, आपण सांगितलेत ते बरोबरच होते. पण त्या दिवसापासून मी फळ्यावर काही लिहिले की मुले आधी एकमेकांकडे पाहतात.” आम्ही एक आकडा सुधारला आणि वर्षभराचा विश्वास मोडला. तीच चूक आम्हांस मुले घरी गेल्यावर, वडाखाली बसून, दोन शब्दांत सांगता आली असती.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नास आमचे उत्तर असे आहे. एका दिवसाच्या पाहुण्यास शिकविण्याचा अधिकार आहे. परंतु तो अधिकार त्यास मागे राहणाऱ्याकडून मिळतो. म्हणून त्याने जाताना स्वतःस तीन प्रश्न विचारावे. मी येथून काय शिकून चाललो? माझ्या येण्याने येथील आई वा मास्तर मुलांच्या दृष्टीने मोठी झाली की लहान? आणि मी पुन्हा आलो नाही, तर आज आरंभिलेले काम उद्या चालेल काय? तिसऱ्या प्रश्नास ‘नाही’ असे उत्तर आले, तर आपण शिकविण्यापेक्षा मिरविण्याचेच काम अधिक केले, असे समजावे.

असो. आमच्या वाचकांत पुष्कळ जण असे आहेत की, आठवड्यास तीन-चार गावे करतात. उद्या त्यांपैकी कोणी एखाद्या शाळेच्या दारात उभा राहील, तेव्हा मुले उठून त्यास नमस्कार करतील. त्याने नमस्कार घ्यावा, आणि पहिला शब्द बोलण्यापूर्वी, मुलांच्या देखत, तेथील मास्तरांस विचारावे, “मास्तर, आज मी आपल्या काय उपयोगी पडू?”