‘निवडलेले’ हा शब्द कुणाकडे तोंड करून म्हणायचा?

आजचं वाचन : रोमकरांस पत्र ९:१-५



रोमकरांस पत्राचा नववा अध्याय आला की आपल्या युवक सभेत हमखास दोन गट पडतात. एक गट वही काढतो, यूट्यूबवर ऐकलेले संदेश आठवतो आणि वादाला बसतो. दुसरा गट गप्प होतो. ‘निवड’, ‘पूर्वनियोजन’, ‘कॅल्व्हिनवाद’ हे शब्द सुरू झाले की त्यांना वाटतं, हे सेमिनरीत शिकणाऱ्यांचं काम आहे. पण सभा संपल्यावर या गप्प गटातूनच कुणीतरी हळूच येऊन विचारतं, “ताई, देवाने मला निवडलंच नसेल तर?”

हे विचारणाऱ्याला वादात जिंकायचं नसतं. त्याला रात्री शांत झोप हवी असते. म्हणून आज कोण बरोबर, कोण चूक हे बाजूला ठेवून या शब्दांकडेच बघू या. ते आले कुठून, रोजच्या बोलण्यात त्यांचं काय झालं, आणि ते कुणी कुणाला म्हणायचे.

नाव दुसऱ्यांनी ठेवलं

जॉन कॅल्व्हिन १५०९ मध्ये फ्रान्समधल्या न्वायों या गावी जन्मला आणि १५६४ मध्ये जिनिव्हात वारला. ‘कॅल्व्हिनिस्ट’ हे नाव त्याने घेतलेलं नाही. १५५० च्या दशकात त्याच्या लूथरपंथी विरोधकांनी ते चिकटवलं, आणि त्याला ते मुळीच आवडत नव्हतं. आपल्या कबरेवर खूणसुद्धा नको, अशी त्याची इच्छा होती. म्हणजे या शब्दाची सुरुवातच दुसऱ्यावर मारलेल्या शिक्क्याने झाली. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणि ते प्रसिद्ध ‘ट्यूलिप’? संपूर्ण भ्रष्टता, विनाअट निवड, मर्यादित प्रायश्चित्त, अप्रतिकार्य कृपा, पवित्र जनांची चिकाटी, या पाच मुद्द्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जोडून तो शब्द झाला आहे. पुष्कळांना वाटतं, हे कॅल्व्हिननेच लिहून ठेवलं. तसं नाही. तो गेल्यावर पन्नासहून अधिक वर्षांनी, १६१८-१९ मध्ये, नेदरलँड्समधल्या डॉर्ट इथे एक सिनड भरला. अर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच मुद्दे मांडले होते, त्यांना दिलेलं हे उत्तर होतं. त्या उत्तराचा क्रमही वेगळा होता, त्यात निवड पहिली होती. गंमत म्हणजे डच भाषेत ट्यूलिपला ‘टुल्प’ म्हणतात, त्यात अक्षरंच चार. फुलाचं नाव पुष्कळ नंतर इंग्रजीतून आलं.

पुढे हा शब्द चर्चच्या बाहेरही गेला. नेदरलँड्समध्ये आज एखादा माणूस काटकसरी, शिस्तीचा, मौजमजेला जरा कचरणारा असला की त्याला ‘कॅल्व्हिनिस्ट’ म्हणतात. तो कॅथलिक असो किंवा देवच न मानणारा असो, फरक पडत नाही. कृपेवर एवढं बोलणाऱ्या माणसाचं नाव आज कंजूषपणा आणि करडेपणाचं विशेषण झालं आहे!

आपल्या कानाला काय ऐकू येतं

आता आपल्या मराठीकडे येऊ. मुंबईत १८१३ मध्ये आलेले अमेरिकन मिशनरी आणि १८२९ मध्ये आलेले स्कॉटिश जॉन विल्सन हे याच परंपरेच्या मंडळ्यांतले. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांच्या आजी-आजोबांच्या चर्चमध्ये या शब्दांचा अंश आहेच. पण मराठी शब्द आपल्याबरोबर घरचा वासही घेऊन येतात.

‘निवडणं’ घ्या. घरात आपण तांदूळ निवडतो, भाजी निवडतो. चांगलं ठेवतो, खडे आणि किडकं टाकून देतो. कॉलेजमध्ये निवड मार्कांवर होते, कंपनीत मुलाखतीवर. म्हणजे आपल्या कानाला ‘निवडलेला’ याचा अर्थ ‘लायक ठरलेला’ असाच लागतो. पवित्र शास्त्र मात्र नेमकं उलट सांगतं. अनुवाद ७:७ काढून वाचा. इस्राएल लोक संख्येने जास्त होते म्हणून देवाने त्यांना निवडलं नाही, ते तर सगळ्यांत थोडे होते. तिथे कारण निवडलेल्यात नाही, निवडणाऱ्याच्या प्रीतीत आहे.

‘भ्रष्ट’ म्हटलं की आपल्याला टेबलाखालून पैसे घेणारा दिसतो. त्यामुळे ‘संपूर्ण भ्रष्टता’ ऐकून वाटतं, माणसात चांगलं काहीच नाही, असं हे लोक म्हणतात. मूळ अर्थ तसा नाही. पातेलंभर दुधात मिठाचा खडा पडला तर प्रत्येक थेंबाला त्याची चव लागते, पण दुधाचं मीठ होत नाही. तसंच पापाने माझी बुद्धी, इच्छा, भावना यांतलं काहीच अस्पर्श ठेवलेलं नाही, एवढंच ते म्हणणं आहे. आणि त्यात मी आलो, तुम्ही आलात, पाळकसाहेबही आले.

‘पूर्वी नेमलेलं’ म्हटलं की आपण लगेच म्हणतो, म्हणजे नशीब. किंवा प्रारब्ध. पण प्रारब्ध म्हणजे आपल्याच आधीच्या कर्मांचं फळ. पूर्वनियोजनात तर कर्माचा हिशोबच मोजायचा नाही, असं सांगितलं आहे. नशिबाला चेहरा नसतो, त्याच्याशी बोलता येत नाही. देवाच्या योजनेमागे बाप आहे. कॅल्व्हिनने स्वतः आपल्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथात जुन्या स्तोइक तत्त्वज्ञांच्या अटळ दैवापासून ही शिकवण वेगळी काढून दाखवली आहे.

तेच शब्द, दोन दिशा

एक प्रसंग सांगते. आमच्या ओळखीच्या एका घरी तरुण मुलगा अपघातात गेला. सांत्वनाला आलेल्यांपैकी एक जण आईला म्हणाले, “ताई, देवाने हे आधीच नेमलं होतं.” आईने मान खाली घातली आणि आत निघून गेली. त्याच रात्री प्रार्थनेत मुलाची आजी म्हणाली, “प्रभू, हे तुझ्या हातातून निसटलेलं नाही, एवढं तरी मला धरून ठेवू दे.” ते ऐकून आई पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

दोघांचाही विश्वास एकच, शिकवणही एकच. पण एकाने ती दुःखी माणसाकडे तोंड करून म्हटली, तेव्हा ती दगडासारखी लागली. दुसरीने देवाकडे तोंड करून म्हटली, तेव्हा ती आधार झाली.

मला वाटतं, या सगळ्या शब्दांची किल्ली इथे आहे. निवड, कृपा, भ्रष्टता, नेमणूक हे प्रार्थनेचे शब्द आहेत. ‘प्रभू, तू मला निवडलंस’ असं म्हणताना त्यात आभार असतात. ‘मी निवडलेला, तू नाहीस’ म्हटलं की शब्द तेच राहतात, पण ते खोटे होतात.

स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याने १७८५ मध्ये ‘होली विलीची प्रार्थना’ ही उपहासाची कविता लिहिली. त्यातला चर्चचा वडील स्वतःच्या निवडीबद्दल देवाचे आभार मानतो आणि त्याच दमात शेजाऱ्यांना शिक्षा दे म्हणतो. म्हणायला ती प्रार्थना, पण डोळे सगळे शेजाऱ्याकडे. लूक १८ मधला परूशी आठवला ना?

जिनिव्हातही हे घडलं. १५५३ मध्ये मिगेल सर्व्हेतसला पाखंडी ठरवून तिथे जिवंत जाळलं, आणि त्याच्यावरच्या खटल्यात कॅल्व्हिनचा हात होता. १९०३ मध्ये कॅल्व्हिनला मानणाऱ्यांनीच तिथे प्रायश्चित्ताचा दगड उभारला.

आणि दक्षिण आफ्रिका. तिथल्या गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड मंडळीने १८५७ मध्ये, ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ असं कारण देत, वर्णानुसार वेगळ्या उपासनेला वाट करून दिली. दुर्बलता कुणाची? काळ्या विश्वासणाऱ्याबरोबर एका मेजावर बसायला न धजणाऱ्या गोऱ्यांची. त्या सवलतीचा पुढे नियम झाला, आणि विसाव्या शतकात वर्णभेदाच्या राज्याला पवित्र शास्त्राचा आधार दिला गेला. ‘आपण इस्राएलासारखे निवडलेले लोक’ ही भाषा त्यासाठी कामाला आली. १९८२ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने ओटावा इथे या समर्थनाला पाखंड म्हटलं. त्याच वर्षी तिथल्या बिगरगोऱ्या रिफॉर्म्ड मंडळीने बेलहार इथे एका विश्वासपत्राचा मसुदा केला, त्यात ऐक्य, समेट आणि न्याय हे तीन मुद्दे होते. १९८६ मध्ये ते स्वीकारलं गेलं. म्हणजे ज्या परंपरेतून शिक्का आला, तिच्यातूनच त्याला उत्तरही आलं.

हे लांबचं वाटत असेल तर जरा जवळ या. ‘देवाची कृपा, म्हणून एवढं पॅकेज मिळालं’ असं आपण स्टेटसवर टाकतो. आभार मानायला हरकत नाही. पण तेच स्टेटस आठ महिने नोकरी शोधणारी तुमची मैत्रीण वाचते. तिच्यावर कृपा नाही, असं आपण न बोलता तिला सांगितलं का? समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये हेच मांडलं की, आपण निवडलेले आहोत की नाही या काळजीने लोक शिस्तीत, कामात त्याची खूण शोधू लागले. आपणही पगारात आणि फॉलोअर्समध्ये शोधतो.

पौल रडतो

आता आजचं वाचन पुन्हा उघडा. निवडीवरचा हा सगळ्यांत अवघड अध्याय पौल कसा सुरू करतो? मला मोठं दुःख आहे, अंतःकरणात सतत वेदना आहे, असं सांगून. आपले भाऊबंद ख्रिस्तापासून दूर आहेत, त्यांच्यासाठी आपणच ख्रिस्तापासून तोडले गेलो तरी चालेल, इथपर्यंत तो जातो. ज्याला निवड सगळ्यांत खोल समजली होती, तो बाहेरच्यांकडे बघून हुश्श करत नाही, रडतो. निवड समजल्याची हीच खरी खूण नाही का? निवडीबद्दल बोलताना आपले डोळे कोरडे असतील, तर नववा अध्याय आपण अजून पहिल्या वचनापासून वाचलेला नाही.

कॅल्व्हिनच्या ग्रंथाची १५५९ ची शेवटची आवृत्ती बघितली तर तिथेही एक गोष्ट दिसते. निवडीची प्रकरणं अगदी सुरुवातीला, देवाच्या वर्णनात, नाहीत. ती तिसऱ्या भागात येतात, प्रार्थनेवरच्या लांबलचक प्रकरणाच्या लगेच नंतर. आधी गुडघे, मग हा विषय. तिथे तो ऑगस्टीनचा आधार घेऊन सांगतो की, कोण निवडलेला आणि कोण नाही हे आपल्याला माहीत नाही, म्हणून सगळ्यांचं तारण व्हावं हीच इच्छा धरायची. दुसऱ्याच्या कपाळावर शिक्का मारायची मुभा कुणालाच नाही.

एक आणखी. हे लिहिणारा माणूस देश सोडून आलेला निर्वासित होता. जिनिव्हात फ्रान्समधून जीव वाचवून आलेले हजारो जण होते. त्याचा मुलगा १५४२ मध्ये जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेला, १५४९ मध्ये पत्नी गेली. घर गेलं, माणसं गेली, तरी देवाने धरलेला हात सुटत नाही, हा त्या शब्दांचा पहिला अर्थ होता. तो हरलेल्यांचा दिलासा होता. सत्ताधाऱ्यांच्या तोंडी गेल्यावर त्याचं शस्त्र झालं.

मग ‘मला निवडलं नसेल तर?’ याचं काय? कॅल्व्हिनचंच उत्तर सांगते. निवड बघायचा आरसा ख्रिस्त आहे. देवाच्या गुप्त मनात डोकावायला गेलात तर चक्रव्यूहात अडकाल. स्वतःत शोधलंत तर कधी गर्व, कधी घाबरणं. ख्रिस्ताकडे बघा. जो त्याच्याकडे येतो त्याला तो घालवून देत नाही, हे योहान ६:३७ मध्ये त्यानेच सांगितलं आहे. तुम्हाला यायचं आहे ना? मग या. बाकीचा हिशोब बापाकडे राहू द्या.

आणि सगळं ऐकूनही तुम्हाला अर्मिनियसचंच पटत असेल, तर तेही असू द्या. जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हिटफील्ड या दोघांचं पूर्वनियोजनावरून जाहीर भांडण झालं. मत शेवटपर्यंत जुळलं नाही. तरी १७७० मध्ये व्हिटफील्ड वारल्यावर लंडनमध्ये स्मरणाचा संदेश वेस्लीनेच दिला.

आज करून बघा

दिवसभरात ‘देवाची इच्छा’, ‘कृपा’, ‘आशीर्वाद’, ‘निवड’ यांतला एखादा शब्द तोंडी आला की क्षणभर थांबा. स्वतःला विचारा, मी हे कुणाकडे तोंड करून म्हणतोय, म्हणतेय? देवाकडे असेल तर मोठ्याने म्हणा. माणसाकडे असेल तर आधी त्याच्याजवळ जरा बसा.

प्रार्थना

हे प्रभू, तू आम्हांला आमच्या लायकीवरून निवडलं नाहीस, म्हणून तुझे आभार. आमच्या तोंडातला कुठलाही पवित्र शब्द कुणाच्या अंगावर दगडासारखा पडू देऊ नकोस. पौलासारखं रडायला आम्हांला शिकव. आणि ‘मी तुझा आहे का’ असं आज जो कुणी एकटाच विचारतो आहे, त्याला तुझ्याकडे ओढून घे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.